परदेशी ग्राहकाला कलाकृती विकताना आयात कर कोणी भरायचा?

या अंकासाठी निवडलेली पत्रे चित्रकार आणि शिल्पकार यांची आहेत. प्रसंग निरनिराळे असले तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे: कलाकृती सीमेपलीकडे गेल्यावर तेथे लागणारा कर कोणी सोसायचा, हे सौदा ठरताना कोणीच बोललेले नसते.

प्रश्न : मी माझ्या संकेतस्थळावरून एक तैलचित्र परदेशातील ग्राहकाला विकले. किमतीत पाठवणीचा खर्च धरलेला होता. चित्र तेथे पोहोचल्यावर कुरिअर कंपनीने ग्राहकाकडे आयात कर आणि त्यावर स्वतःचे शुल्क मागितले. ग्राहक म्हणतो की त्याने सर्व पैसे आधीच दिले आहेत, तेव्हा ही रक्कम मी भरावी. नाहीतर तो चित्र स्वीकारणार नाही. कायद्याने ही जबाबदारी माझी आहे का?

उत्तर : बहुतेक देशांत आयात कर आयातदाराने भरायचा असतो, आणि आयातदार म्हणजे ज्याच्या नावाने वस्तू त्या देशात आणली जाते ती व्यक्ती. घरपोच मागवलेल्या चित्राच्या बाबतीत ती व्यक्ती साधारणपणे ग्राहकच असते. मात्र तुमचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, कारण सरकारचे देणे कोणाच्या नावावर निघते आणि तुम्हा दोघांच्या सौद्यात ते कोणी सोसायचे ठरले आहे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली त्या देशाचा कायदा ठरवतो, दुसरी तुम्ही दोघांनी आपसात ठरवायची असते, आणि ती लिहून ठेवलेली नसेल तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

व्यापारात हे ठरवण्यासाठी इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने तयार केलेल्या इन्कोटर्म्स या संज्ञा वापरतात. त्यांची सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. त्यांपैकी चित्रकाराला दोन संज्ञा माहीत असल्या तरी पुरे. डीएपी या अटीवर विक्री झाली तर ठरलेल्या पत्त्यापर्यंतची वाहतूक विक्रेत्याची, पण आयातीची मंजुरी आणि तेथील कर ग्राहकाचे. डीडीपी या अटीवर विक्री झाली तर करांसह सर्व खर्च विक्रेत्याचा. कुरिअरचा अर्ज भरताना आयात कर कोणाकडून घ्यायचा, प्राप्तकर्त्याकडून की पाठवणाऱ्याकडून, असा पर्याय विचारलेला असतो, तो याच प्रश्नाचा व्यावहारिक भाग. अनेक जण तो रकाना न वाचताच पुढे जातात. बिलावर एक अट आणि कुरिअरच्या अर्जावर दुसरीच, असे झाले तर ग्राहकाशी वाद होणे अटळ आहे.

तुमच्या ग्राहकाकडे मागितलेल्या रकमेचे दोन भाग वेगळे करून पाहा. एक भाग सरकारचा कर. दुसरा कुरिअर कंपनीचे शुल्क, जे ती सरकारी रक्कम आपल्या खिशातून आगाऊ भरल्याबद्दल आणि कागदपत्रे पूर्ण केल्याबद्दल आकारते. हे शुल्क बहुधा कराच्या काही टक्के किंवा एक किमान रक्कम, यांपैकी जे अधिक असेल ते असते. त्यामुळे लहान चित्रावर करापेक्षा शुल्कच मोठे होऊ शकते. ग्राहकाचा राग पुष्कळदा याच शुल्कावर असतो.

आता पुढे काय करावे? ग्राहकाने चित्र नाकारले तर ते गोदामात पडून राहील, त्याचे भाडे चढेल, आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च तुमच्याकडे येईल. कुरिअर कंपन्यांच्या अटींमध्ये साधारणपणे अशी तरतूद असते की प्राप्तकर्त्याने पैसे दिले नाहीत तर ते पाठवणाऱ्याने द्यावेत. म्हणजे कायद्याने कर ग्राहकाचा असला, तरी तो अडून बसला की तोटा तुमच्या पदरी पडतो. शिवाय, स्पष्ट लिहितो, या प्रकरणात ग्राहकाची बाजू मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. पाठवणीसह एकच आकडा सांगितला आणि करांविषयी एक शब्दही लिहिला नाही, तर सामान्य माणूस तो आकडा अंतिम समजणारच. युरोपीय संघाच्या ग्राहक कायद्यातही करांसह एकूण किंमत आधी सांगितली जावी, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे परतीचा खर्च आणि मागितलेली रक्कम यांची तुलना करा, आणि निदान कुरिअरचे शुल्क तरी स्वतः सोसण्याची तयारी दाखवून चित्र ग्राहकाकडे पोहोचू द्या.

यापुढे मात्र पैसे घेण्यापूर्वी पुढील मजकूर ग्राहकाला पाठवा आणि त्यावर त्याची लेखी संमती घ्या: ‘या किमतीत चित्र, वेष्टन, वाहतूक आणि विमा यांचा समावेश आहे. आपल्या देशात लागणारे सीमाशुल्क, व्हॅट अथवा तत्सम कर आणि कुरिअर कंपनीचे मंजुरी शुल्क यांचा समावेश नाही. हे सर्व आपल्याला भरावे लागेल.’ कर देणे ग्राहकाचे काम असेल, पण त्याची कल्पना आधी देणे हे विक्रेत्याचे काम आहे, आणि ते टाळण्याला मला कोणतेही कारण दिसत नाही.

प्रश्न : कलाकृतींवर सीमाशुल्क नसते, असे मी ऐकले होते आणि ग्राहकांनाही तसेच सांगत आलो. मी मूळ जलरंग विकतो, तसेच त्यांच्या डिजिटल मुद्रित प्रतीही विकतो. काही ग्राहकांना तरीही कर भरावा लागला. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमच्या सांगण्यात दोन निराळ्या करांची सरमिसळ झाली आहे. सीमाशुल्क हा वस्तू बाहेरून आली म्हणून लागणारा कर. व्हॅट किंवा वस्तू व सेवा कर हा त्या देशात होणाऱ्या विक्रीवरचा कर, जो आयातीच्या वेळीही वसूल केला जातो. हाताने काढलेल्या मूळ चित्रांवर युरोपीय संघात आणि अमेरिकेत नेहमीचे सीमाशुल्क शून्य आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये लावलेल्या वाढीव शुल्कांतूनही कलाकृतींना माहितीपर साहित्य म्हणून सूट देण्यात आली होती. परंतु युरोपात सीमाशुल्क शून्य असले तरी व्हॅट उरतोच. कलाकृतींच्या आयातीसाठी त्याचा दर पुष्कळ ठिकाणी सवलतीचा असतो: ब्रिटनमध्ये ५ टक्के, फ्रान्समध्ये ५.५ टक्के, जर्मनीत ७ टक्के. याच देशांत इतर वस्तूंवरचा सर्वसाधारण दर १९ ते २० टक्के आहे. म्हणून ‘शुल्क नाही’ असे सांगताना ‘कर नाही’ असे ग्राहकाने समजू नये, याची काळजी घ्या.

ही सवलत मिळणे न मिळणे वर्गीकरणावर अवलंबून असते, आणि तुमच्या मुद्रित प्रतींची गोची येथेच आहे. सीमाशुल्कासाठी प्रत्येक प्रकारच्या वस्तूला क्रमांक देणाऱ्या, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस वर्गीकरणातील ९७ वे प्रकरण कलाकृतींचे आहे. त्यात ९७०१ खाली पूर्णपणे हाताने केलेली चित्रे आणि रेखाटने येतात, ९७०२ खाली मूळ मुद्राचित्रे आणि ९७०३ खाली मूळ शिल्पे. मुद्राचित्राचा ठसा कलावंताने स्वतःच्या हाताने घडवलेला असावा लागतो. यांत्रिक किंवा छायाचित्रण-प्रक्रियेने काढलेल्या प्रती त्यात बसत नाहीत. त्यामुळे मूळ चित्र स्कॅन करून उत्तम कागदावर काढलेली, स्वाक्षरी केलेली, क्रमांक घातलेली प्रतसुद्धा ४९११ या मुद्रित साहित्याच्या शीर्षकाखाली जाते, आणि कलाकृतीचा सवलतीचा दर तिला मिळेल असे धरून चालता येत नाही. छायाचित्रांची स्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. सीमाशुल्कासाठी तीही मुद्रित साहित्यातच मोडतात. परंतु कलावंताने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेली, स्वाक्षरी व क्रमांक असलेली आणि सर्व आकार मिळून तीसपेक्षा अधिक प्रती नसलेली छायाचित्रे व्हॅटपुरती कलाकृती मानण्याची तरतूद युरोपीय संघाच्या कायद्यात आहे. प्रत्येक सदस्य देश तिचा लाभ देतोच असे नाही. चौकटीचे मात्र सोपे आहे: ती चित्राच्या मानाने नेहमीच्या प्रकारची आणि किमतीची असेल तर चित्राबरोबरच धरली जाते.

वर्गीकरणाच्या वादाला मोठा इतिहास आहे. १९२६ मध्ये कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘बर्ड इन स्पेस’ हे कांस्यशिल्प न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यात पक्ष्यासारखे काही दिसत नाही म्हणून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयातील साहित्य यांच्या गटात टाकून ४० टक्के शुल्क लावले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९२८ मध्ये ते शिल्प कलाकृती आहे, असा निकाल लागला. हा प्रश्न तेवढ्याने मिटला असेही नाही: २०१० मध्ये युरोपीय आयोगाने प्रकाशनळ्यांच्या एका मांडणीशिल्पाचे वर्गीकरण दिवे म्हणून केले. अधिकाऱ्यासमोर असते ती वस्तू आणि तुम्ही लिहिलेला कागद. म्हणून बिलावर नुसते ‘चित्र’ असे लिहून भागत नाही. ‘मूळ जलरंग चित्र, कागदावर, पूर्णपणे हाताने केलेले, कलावंताची स्वाक्षरी असलेले’ असे लिहून माध्यम, आकार, वर्ष आणि एचएस क्रमांक द्या, आणि मूळ चित्र व मुद्रित प्रत एकाच पार्सलमध्ये असल्या तर त्यांच्या नोंदी व किमती वेगवेगळ्या दाखवा.

प्रश्न : ग्राहक मला बिलावर कमी किंमत लिहायला किंवा पार्सलवर ‘भेट’ अशी नोंद करायला सांगतो. त्याच्या कराची बचत होते आणि माझे काही जात नाही. असे करावे का?

उत्तर : करू नये. सीमाशुल्काच्या घोषणापत्रावर स्वाक्षरी तुमची असते, ग्राहकाची नव्हे, आणि पैसे घेऊन दिलेली वस्तू कोणत्याही अर्थाने भेट नसते. तुमचे काही जात नाही, हेही खरे नाही: चित्र वाटेत फाटले किंवा हरवले तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या आधारेच मागता येते. ज्याने आज हा आग्रह धरला, तोच उद्या चित्र खराब पोहोचल्यास पूर्ण रक्कम परत मागेल. नम्रपणे नकार द्या. नकारामुळे सौदा मोडला तर मोडू द्या.

प्रश्न : मी लहान, स्वस्त चित्रे विकते, काही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून आणि काही स्वतःच्या संकेतस्थळावरून. ठरावीक किमतीपर्यंत कर लागत नाही, हे खरे का?

उत्तर : ही समजूत आता जुनी झाली आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून रद्द केली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित झाली. त्याहून महत्त्वाचे असे की लहान रकमेच्या सौद्यांत काही देशांनी कर गोळा करण्याचे काम ग्राहकाकडून काढून थेट विक्रेत्याकडे दिले आहे. पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितलेला नियम येथे उलटतो.

ब्रिटनमधील ग्राहकाला १३५ पौंडांपर्यंतचा माल पाठवताना व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा आणि त्यासाठी परदेशी विक्रेत्याने तेथे नोंदणी करायची, हा नियम १ जानेवारी २०२१ पासून आहे. युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस ही व्यवस्था आहे. ती ऐच्छिक असून तिच्यात नोंदणी केल्यास व्हॅट विक्रीच्या वेळी घेता येतो, नाहीतर तो ग्राहकाकडून माल पोहोचताना घेतला जातो. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर १० टक्के कर विक्रेत्याने घ्यायचा असतो, पण तेथील वार्षिक विक्री ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत पोहोचली तरच.

विक्री मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून झाली असेल तर हा कर सामान्यतः ती बाजारपेठच गोळा करून भरते. त्यावेळी तुमचे काम एवढेच की तिने दिलेला कर क्रमांक पार्सलच्या घोषणापत्रात आणि कुरिअरच्या माहितीत अचूक भरणे. तो राहून गेला तर ग्राहकाकडून दुसऱ्यांदा कर घेतला जातो आणि परतावा मिळवताना तुम्हा दोघांची दमछाक होते. स्वतःच्या संकेतस्थळावरून मात्र हे सारे तुम्हालाच करावे लागते. अगदी मोजक्या चित्रांसाठी परदेशात कर-नोंदणी परवडत नसेल, तर त्या देशातील लहान विक्री बाजारपेठेवरूनच करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, जरी तिचे कमिशन डोळ्यांत खुपत असले तरी.

प्रश्न : परदेशातील एका कलादालनाने माझी काही शिल्पे विक्रीसाठी मागवली आहेत. विकली जातील तेवढ्यांचेच पैसे मिळतील. उरलेली परत येतील. यात कर कधी आणि कोणाला लागतो?

उत्तर : पाठवतेवेळी विक्री झालेली नसली तरी किंमत शून्य लिहू नका, अपेक्षित रास्त किंमत लिहा आणि माल विक्रीसाठी ठेव म्हणून जात आहे, असे बिलावर नमूद करा. आयातदार कलादालनच असावे, हे आधी पक्के करा. अनेक देशांत कलाकृती तात्पुरत्या आयातीखाली आणता येतात. तेव्हा कर लगेच न भरता हमी देऊन पुढे ढकलला जातो, शिल्प विकले गेले की तो भरावा लागतो आणि न विकता परत गेले तर भरावा लागत नाही. प्रदर्शनांसाठी वापरले जाणारे एटीए कार्नेट हे कागदपत्र मुख्यतः परत येणाऱ्या मालासाठी असते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. निव्वळ विक्रीसाठी पाठवायच्या मालाला ते योग्य नाही.

करारात एक कलम आवर्जून घाला. विक्रीनंतर द्यावा लागणारा आयात कर एकूण रकमेतून आधी वजा करून मग वाटे पाडायचे, की तो कलादालनाच्या वाट्यातून जायचा, की तुमच्या, हे लिहिलेले नसेल तर तो तुमच्या वाट्यातूनच कापला जाण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या मते तो आधी वजा व्हावा.

परतीच्या शिल्पांसाठी आपल्याच देशाच्या सीमाशुल्क खात्याला हे पटवावे लागते की बाहेर गेलेली आणि परत आलेली वस्तू एकच आहे. तसे पटले तर पुन्हा आयात झाल्याबद्दलचा कर माफ होऊ शकतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात या सवलतीची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे. तुमच्या देशातील मुदत शिल्पे रवाना करण्यापूर्वीच विचारून घ्या. प्रत्येक शिल्पाची सर्व बाजूंनी छायाचित्रे, मापे, वजन, स्वाक्षरीची जागा आणि निर्यातीच्या कागदाचा क्रमांक एकत्र ठेवा, आणि परतीच्या बिलावर कलादालनाने तोच निर्यात क्रमांक लिहावा, असे त्यांना आधीच कळवा.