महालात माणसं घटली, चुली वाढल्या

प्रश्न असा आहे: ‘नागपूरच्या महाल भागात लोकसंख्या बेसुमार वाढल्यामुळेच तिथला विकास अडला, हे खरं आहे का? मी बदलीवर नागपूरला येतोय. तिथे फ्लॅट घ्यावा का?’

मी महालात जन्मले. लग्न झाल्यावरही दोन गल्ल्या सोडून महालातच राहिले. गेली बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, त्यामुळे या भागातली कितीतरी घरं टेप धरून आतून मोजली आहेत. तुमच्या प्रश्नातलं ‘बेसुमार वाढल्यामुळे’ हे मला मुळातच मान्य नाही. महाल दाट आहे, त्यात वाद नाही. पण आज इथे जो ताण दिसतो तो माणसं वाढल्याचा नाही. इथे चुली वाढल्या आहेत.

आमच्या माहेरच्या वाड्याचाच हिशेब सांगते. १९८८ साली त्या वाड्यात आम्ही ३४ माणसं होतो. चार भाऊबंदांची घरं आणि दोन भाडेकरू, म्हणजे सहा चुली. एक विहीर, मागे दोन संडास, एक न्हाणी, आणि सगळ्या वाड्यात मिळून तीन सायकली आणि एक स्कूटर. आज त्याच जागेवर चार मजली इमारत उभी आहे. खाली दोन गोदामं, वर आठ बिऱ्हाडं. माणसं २१. म्हणजे तेरा माणसं कमी झाली. पण चुली आठ, विजेचे मीटर दहा, दुचाक्या अकरा, चारचाक्या तीन, आणि उन्हाळ्यात कूलर चौदा. विहीर पिलरखाली गेली. समोरची गल्ली तेव्हा होती तेवढीच आहे, उलट पायऱ्या आणि कूलरचे स्टँड बाहेर आल्यामुळे हातभर कमीच झाली.

हा एका वाड्याचा हिशेब झाला, सगळ्या महालाची जनगणना नव्हे. पण कामानिमित्त ज्या घरांत शिरले तिथे बहुतेक हेच दिसलं. म्हातारे आईवडील खाली, एक मुलगा वर, दुसरा मानेवाड्याला आणि मुलगी पुण्याला. माझ्या शाळेत आमच्या वेळी एकेका वर्गाच्या चार तुकड्या होत्या, आता एक भरताना मास्तरांची दमछाक होते. जिथे लोकसंख्या वाढते तिथे शाळांची सहसा अशी स्थिती होत नाही.

शहराचे आकडे बघितले तरी हेच कळतं. १९०१ मध्ये नागपूरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती, १९५१ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास. १९९१ ला सव्वासोळा लाख, २००१ ला साडेवीस, २०११ ला चोवीस लाख. नव्वदच्या दशकात वाढ सव्वीस टक्के होती, पुढच्या दशकात ती सतरा टक्क्यांवर आली. आणि ही भर पडली ती गावाच्या कडेला. मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळा आणि हद्दीबाहेरचं बेसा इथे शेतं तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आणि लेआउट पडले. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ असे नुसते आकडे उच्चारले तरी लोकांना कळतं की गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे करून पाडलेल्या लेआउटविषयी बोलणं चाललंय. महालातली एक अख्खी पिढी तिकडे प्लॉट घेऊन गेली. त्यांना दोष कसा देणार? पोरांना खेळायला अंगण हवं होतं.

मग महालातला विकास अडला कुठे? तो अडला जागेच्या आकारात, हे नकाशा काढताना रोज दिसतं. बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून हे नगर वसवलं. पुढे चांद सुलतानाने कोट घातला, त्यातला जुम्मा दरवाजा आज गांधीगेट म्हणून उभा आहे. नंतर भोसल्यांची राजधानी इथे आली. त्या काळची वस्ती म्हणजे रस्त्यावर तोंड अरुंद आणि आत लांबच लांब वाडा. २२ फूट रुंद आणि ९० फूट खोल, असे प्लॉट मी कितीतरी मोजले. अशा वाड्याच्या दोन भावांत वाटण्या होतात तेव्हा दोघांनाही रस्त्यावरचं दार हवं असतं, म्हणून वाडा लांबीत चिरतात. प्रत्येकाच्या वाट्याला अकरा फूट. त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती वजा करा, तीन फुटांचा जिना काढा. उरतं ते एकामागे एक लावलेल्या डब्यांसारखं घर, आणि मधल्या खोल्यांना ना उजेड ना वारा. पूर्वी हाच उजेड वाड्याच्या मधल्या उघड्या चौकातून यायचा. चौक म्हणजे घराचं फुप्फुस होतं, आणि वाटणीत पहिला बळी त्याचाच जातो. तिथे दोघांची सामाईक भिंत उठते.

आता याला मंजुरी घ्यायला गेलं की समोरच्या रस्त्याची रुंदी आडवी येते. किती बांधता येईल हे बऱ्याच अंशी त्या रुंदीवर ठरतं, आणि आमच्या गल्ल्या तर दोन माणसं हात पसरून उभी राहिली की संपतात. मग लोक मंजुरीपेक्षा एक मजला जास्त चढवतात किंवा मंजुरीच घेत नाहीत. मंजूर नकाशा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम सात-आठ वर्षं रखडतं, आणि सळया उघड्या ठेवून लोक खाली राहायला जातात.

भाडेकरूंचा गुंता वेगळाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यानुसार मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळते. मूळ भाडं दीडशे असेल तर वाढ सहा रुपये. त्यात छपराची कवेलूसुद्धा फेरता येत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात मातीची भिंत बसते. मला दोघांचाही राग येत नाही. चाळीस वर्षं त्याच खोलीत काढलेली म्हातारी बाई जाणार तरी कुठे?

पाण्याविषयी मात्र सविस्तर सांगते, कारण बाहेरच्यांना हे दिसतच नाही. जुन्या वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड, माती-विटांच्या. उन्हाळ्यात दाराला खसच्या ताट्या लावून दोन वेळा पाणी मारलं की दुपार निघायची. आता सिमेंटच्या चार इंची भिंती. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस अंश नेहमीचेच, २०१३ साली २३ मेला पारा ४७.९ पर्यंत गेला होता. तेव्हा प्रत्येक खोलीला कूलर लागतो, आणि मोठा कूलर दिवसात शंभर लिटर पाणी सहज पितो. माहेरच्या त्या इमारतीत असे चौदा. सकाळी सहाला नळ आला की अख्ख्या गल्लीत नळाला लावलेले टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटरी, सुरू होतात आणि जो शेवटी आहे तो कोरडा राहतो. समोरच्या घरातली सून रोज खिडकीतून ओरडते, “काकू, मोटर बंद करा ना, आमच्याकडे थेंब नाही येऊन राह्यला!” मी बंद करते. पाच मिनिटांनी वरच्या मजल्यावरचे आजोबा विचारतात, “काऊन बंद केली?” १९८८ पेक्षा कमी माणसं आहेत आणि पाण्यावरून भांडणं मात्र तेव्हापेक्षा जास्त आहेत.

रस्ता रुंद करणं हा एकच उपाय आजवर नेटाने झाला. सेंट्रल एव्हेन्यू जुन्या गावातून काढला गेला, त्याचा फायदा नाकारता येत नाही. ११ डिसेंबर २०२२ पासून त्यावरून मेट्रो धावते, चितार ओळ चौकात स्टेशन आहे, आणि माझी मुलगी तिथूनच कॉलेजला जाते. केळीबाग रोडचं रुंदीकरण मात्र कागदावर वर्षानुवर्षं लटकलं, आणि त्या काळात लोकांनी घराला रंगसुद्धा दिला नाही. आज पाडतील, उद्या पाडतील. अशी टांगती तलवार असलेल्या रस्त्यावर कोण पैसे घालणार? शिवाय मोठा रस्ता दहा फूट रुंद झाला तरी आतली गल्ली आहे तशीच राहते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या काकांना रात्री अकराला छातीत कळ आली. अँब्युलन्स चौकात लवकर आली, पण गल्लीत शिरेना. तोंडाशी एक टेम्पो माल उतरवत होता आणि दोन गाड्या लावलेल्या होत्या. आम्ही चौघांनी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून उचलून नेलं. माझा हात खुर्चीच्या मागच्या पायाला होता, आणि काका सारखे म्हणत होते, “हळू, भिंत लागेल.” काका वाचले. नंतर मी एका कार्यालयात अर्ज दिला की गल्लीत रात्री माल उतरवणं बंद करा, तोंडाशी गाड्या लागू नयेत म्हणून दोन खांब रोवा. उत्तर आलं की रस्ता रुंदीकरण आराखड्यात प्रस्तावित आहे. मी रस्ता मागितलाच नव्हता, दोन खांब मागितले होते.

मला विचाराल तर महालाला आधी हेच हवं आहे. गल्लीच्या तोंडाशी खांब, खालच्या गोदामांना मर्यादा, चार-पाच लहान प्लॉट एकत्र करून मधे सामाईक चौक ठेवणाऱ्यांना मंजुरीत सवलत, आणि बुजवलेल्या विहिरी उघडून कूलरचं पाणी तिथून. आमच्या ऑफिसने तीन भावांचा एकच नकाशा करून दिला, चौक ठेवून. तिघांचं पटवायला अडीच वर्षं लागली, पण आज त्या घरात दुपारी दिवा लावावा लागत नाही.

आता तुमचा फ्लॅट. बाजार, वैद्य, देऊळ, मेट्रो सगळं पायी हवं असेल तर घ्या, शेजार तर तुम्हाला असा कुठेच मिळणार नाही. मात्र आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी कागदावर, सगळ्या वारसांची नावं आहेत का ते बघा, मंजूर नकाशा मागा आणि मजले स्वतः मोजा. कागदावर तीन आणि डोळ्यांना चार दिसले तर परत फिरा. खाली गोदाम असेल तर त्यात काय ठेवतात ते विचारा, आणि गाडी कुठे लागेल हे बिल्डरला नाही, शेजाऱ्याला विचारा. फ्लॅट दाखवायला तुम्हाला डिसेंबरात बोलावतील. तुम्ही मे महिन्यात सकाळी सहाला या आणि ज्या मजल्यावर घर घ्यायचंय तिथला नळ सोडून बघा.