शंभर टनी प्रेस हलवण्याआधी

चिरंजीवास,

भोसरीतली सी-टाइप प्रेस (पत्रा दाबून कापायचं-वाकवायचं, C आकाराच्या सांगाड्याचं मशीन) चाकणला न्यायची आहे म्हणतोस. शिफ्टिंगवाल्याला फोनवर ‘शंभर टनी आहे, किती घेणार?’ असं विचारू नकोस. शंभर टन हा तिचा दाब. अंगाचं वजन मेकप्रमाणे (बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे) साधारण सात-आठ टन भरतं. नेमका आकडा मशीनच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये बघ आणि तोच दे.

हायड्रावर (चाकांवरच्या क्रेनवर) ‘14 टन’ लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखूड आणि लोड अगदी जवळ असतानाचं. बूम लांबवला की ताकद झपाट्याने उतरते, आणि शटरबाहेरून आतली प्रेस उचलताना बूम लांबवावाच लागतो. लोडचार्ट, म्हणजे बूमच्या किती लांबीला किती वजन उचलतं त्याचा तक्ता, मागून घे. त्यापेक्षा टो जॅकने (मशीनच्या बुडाखाली पंजा घालून उचलणाऱ्या जॅकने) प्रेस उचलून, खाली स्केट (चाकांच्या बुटक्या गाड्या) सारून ती शटरबाहेर आणणं बरं. वाटेत गटाराची झाकणं असतील तर जाड लोखंडी प्लेटा लागतील. त्या कोण आणणार?

म्हणून शिफ्टिंगवाल्याच्या मुकादमाला दोन्ही जागा दाखव. टेप न काढता भाव सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव.

उचलण्याआधी डाय (साचा) काढ, रॅम (वरखाली होणारा दाबाचा भाग) खाली आणून मध्ये लाकडी ठोकळा दे, फ्लायव्हील (फिरणारं जड चाक) बांधून टाक. या प्रेसचा जडपणा वरच्या अंगाला असतो. स्केटवर वळवताना ती कलते ती त्यामुळेच. जॅकने इंचभर उचललं की लगेच ठोकळा सारायचा, नुसत्या जॅकवर ठेवायची नाही.

क्रेनच्या हुकाला लोड टांगायच्या बेल्टमध्ये लोक हमखास चुकतात. लोड 8 टन, दोन बेल्ट. ते जमिनीशी 60 अंशांत असतील तर प्रत्येकावर 4.6 टन येतात. लाल, 5 टनी बेल्ट जेमतेम पुरतो. वर उंची नाही म्हणून आखूड बेल्ट लावून कोन 30 अंशांवर आला, की प्रत्येकावर पूर्ण 8 टन. धारदार कडेवर रबर ठेव, टॅग (क्षमता लिहिलेली पट्टी) फाटलेला बेल्ट परत कर. आधी दोन-तीन इंचच उचलायला लाव. कलली तर टेकवून बेल्ट सरकवायचे. तोल साधायला खलाशी (मशीन हलवणारा कामगार) वर चढू लागला तर काम थांबव.

कागदांपैकी क्रेन आणि बेल्ट-शॅकलचं (शॅकल म्हणजे बेल्ट अडकवायची लोखंडी कडी) तपासणी प्रमाणपत्र आधी बघ; ही तपासणी वर्षातून किमान एकदा झालेली हवी. ट्रान्झिट विम्यात चढवणं-उतरवणं आणि शेडमधली हालचाल धरली आहे का, तेही विचार. कोटेशनमध्ये हायड्राचे तास, हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे), खलाशी, प्लेटा, ट्रेलर वेगवेगळे लिहून घे. लेव्हलिंग, म्हणजे नव्या जागी मशीन समपातळीत बसवणं, बहुधा त्यात नसतं.

वायरी सोडण्याआधी फोटो काढ. चाकणला जोडणी झाली की क्लच न लावता मोटर क्षणभर फिरव. फ्लायव्हील बाणाच्या उलट गेलं तर मेन बंद करून दोन फेज अदलाबदल कर.