रंग सैल, थर पातळ

खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: "मुलांच्या लाकडी कोरीवकामाच्या वर्गासाठी सूचनांचा कागद मराठीत करतोय. पेंट थिन करणे याला 'विरल करणे' लिहिलं, तर मेस्त्री हसले. मग काय लिहू? फिनिशला 'अंतिम लेप' आणि मॅटला 'निस्तेज' चालेल का? शिवाय कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांसारखा 'लाखेचा हात द्यावा' असं शेवटी लिहिलंय, ते भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे ना?"

मेस्त्री हसले ते बरोबरच. विरल हा प्रयोगशाळेतला शब्द. आम्ल विरल असतं, कारण तिथे किती पाण्यात किती आम्ल हा हिशेब असतो. रंगाचा डबा उघडणाऱ्याला तो हिशेब नको असतो. ब्रश ओढल्यावर रंग सरकतो की अडतो, एवढंच त्याला बघायचं असतं. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: सैल. "रंग घट्ट हाय, जरा सैल कर की," हे वाक्य बेळगावात कुठल्याही सुताराच्या शेडमध्ये कानावर पडेल.

मग पातळ का नको? नको असं नाही, पण त्याची जागा दुसरी. पातळ हा संस्कृत 'पत्रल'वरून आलेला, म्हणजे पानासारखा. मुळात तो जाडीचा शब्द. आजीचं नेसायचं पातळही त्यातलंच. पुढे तो आमटीला लागला, ताकाला लागला, आणि आता द्रवांनाही राजरोस चालतो. तरी विरुद्धार्थी शब्द लावून बघा, फरक लगेच कळतो. थर जाड असतो नाहीतर पातळ. रंग घट्ट असतो नाहीतर सैल. कणीक सैल भिजवतात, पण आमटीला सैल कुणी म्हणत नाही. ज्याच्या अंगात थोडा धर शिल्लक आहे तेच सैल. रंगाचा धर गेला की मग म्हणतात, "पातळ झाला, पाणी झालं त्याचं." माझ्या कानाला तरी 'सैल केला' हे काम वाटतं आणि 'पातळ झाला' ही तक्रार.

कोरीवकामात हा भेद नुसता कानाचा राहत नाही. मागे घरच्या देव्हाऱ्याच्या महिरपीवर मोर होता, शिवणीच्या लाकडात कोरलेला. सणाची घाई म्हणून डब्यातला ऑइल पेंट ढवळला आणि तसाच मारला. वाळल्यावर बघतो तर पिसाऱ्याच्या बारीक रेघा बुजलेल्या, मोराचा कोंबडा झालेला. कोरीव भागात रंग खोबणीत साचतो, म्हणून तो सैल करून दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. पण टर्पेंटाइन जास्त ओतलं तर रंग उंचवट्यावरून ओघळून पुन्हा खोबणीतच जातो, आणि रंगाला बांधून ठेवणारं तेल कमी पडून वर भुकटी सुटते. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगात पाण्याचा अतिरेक केला तरी तेच. तेव्हा कागदावर असं लिहा: "रंग सैल करा, हात पातळ द्या." दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले.

आणि हो, रंगाच्या कोटला 'हात' हा शब्द असताना 'लेप' कशाला? लेप चंदनाचा, नाहीतर मुरगळलेल्या पायाला. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात; खालचं ते अस्तर.

फिनिशची गंमत वेगळी आहे. इंग्रजीत वर लावायचा पदार्थ आणि त्यानंतर दिसणारी चमक, दोन्हींना एकच शब्द. मराठीत दोन आहेत. पदार्थाला रोगण, चमकेला जिल्हई. (झिलई हे त्याचंच दुसरं रूप. भांड्यांची कल्हई मात्र वेगळी.) जिल्हई अरबीतून आली, रोगण फारसीतून. फारसीत रोगन म्हणजे तेल, तूप. आता आपल्या शेजारच्या कानडी बडिगेराला, म्हणजे सुताराला, विचारा. तो चमकेला 'मेरुगु' म्हणतो आणि वार्निशला 'मेरुगेण्णे'. त्यातलं एण्णे म्हणजे तेलच. जुनं वार्निश जवसाच्या तेलात राळ किंवा चंद्रूस शिजवून करत, हे दोन्ही शब्दांत असं जपलं गेलंय. (चंद्रूस हीही एक राळच. नाव ऐकून चंद्र आठवतो, पण शब्द 'संदरूस'वरून आलाय.)

म्हणूनच चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून जे होतं त्याला रोगण म्हणू नका. त्याला मेस्त्री पॉलिश म्हणतात, तुम्हीही पॉलिशच म्हणा. हा काथ्याकूट उगाच नाही: रोगण सैल करायला टर्पेंटाइन लागतं, पॉलिशला स्पिरिट. मुलांनी अदलाबदल केली तर लाख विरघळणारच नाही. पॉलिशवर ओला पेला ठेवला की पांढरा डाग उठतो, हेही जाता जाता सांगा.

'निस्तेज' तेवढं खोडा. निस्तेज आजारी माणसाचा चेहरा असतो. मॅट, सॅटिन हे शब्द डब्यावरच छापलेले असतात, ते राहू देत. हवं तर मॅटला 'बिनचमक' आणि सॅटिनला 'मंद जिल्हई' म्हणा. माझं मत विचाराल तर कोरलेल्या चेहऱ्याला मंद जिल्हईच शोभते. चकचकीत रोगणावर उजेडाचे ठिपके उठतात आणि नाकाची धार कुठे, गालाचा उतार कुठे, तेच कळेनासं होतं.

राहिला लाखेचा हात. हा शब्दप्रयोग चुकीचाच. चन्नपट्टणला लाख ब्रशने देतच नाहीत. लाकूड चरकावर (म्हणजे लेथवर) फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला जिल्हई आणतात. ते कातकाम. जे गोल फिरतं त्यालाच ते जमतं. तुमच्या मुलांचे मोर आणि गणपती चरकावर फिरणार नाहीत, तेव्हा ती ओळ काढून तिथे "पॉलिशचे दोन पातळ हात" असं लिहा.