वय 22, नवं लायसन्स, जुनी गाडी घेतोय. कार इन्शुरन्स स्वस्तात कसा मिळेल?

आधी एक भीती काढून टाका. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये तरुण ड्रायव्हरला जबर प्रीमियम पडतो. आपल्याकडे मुख्य हिशोब वयावर नाही, गाडीवर होतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, दर तर सरकारच ठरवतं. जून 2022 पासून लागू झालेले दर: 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416, त्यापुढे एकदम 7,897. वर जीएसटी. म्हणजे इथे घासाघीस करून उपयोग नाही, लहान इंजिनाची गाडी घेणं हीच बचत.

घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात. तीन-चार कंपन्यांचे कोट काढा, पण आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखी ठेवूनच तुलना करा. आयडीव्ही पाडून प्रीमियम कमी दाखवणं ही एजंटांची जुनी खोड. गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे हातात येतात.

जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. तुमचा शून्यापासून सुरू होईल: पहिल्या क्लेमविना वर्षानंतर 20 टक्के, सलग पाच वर्षांनी 50. त्यामुळे बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका, गॅरेजवाल्याला रोख द्या. आणि पॉलिसी 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, हे बरेच जण विसरतात.