सीसीएनए : व्हिडिओ संपले, गुण मात्र साठावरच

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेसाठी तीन महिने व्हिडिओ बघून झाले, वहीभर नोट्स आहेत, परीक्षा सहा आठवड्यांवर आली आणि सराव परीक्षेत गुण ६०च्या वर सरकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मग आता नवा व्हिडिओ लावूच नका. तुम्हाला विषय कळलाय, हात बसलेला नाही. हात बसतो तो फक्त सोडवून आणि बिघडवून.

सुरुवात सबनेटिंगपासून, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याच्या गणितापासून करा. रोज सकाळी २० गणितं, कागदाशिवाय, प्रत्येकी ३० सेकंदांत. बायनरी मांडत बसलात तर वेळ तिथेच जातो. उदाहरणार्थ १७२.१६.४५.२००/२०. /२० म्हणजे पत्त्याचे पहिले २० बिट नेटवर्कचे, म्हणून तिसऱ्या ऑक्टेटमध्ये (टिंबांनी वेगळ्या केलेल्या तिसऱ्या आकड्यात) मास्क २४०. २५६ वजा २४०, म्हणजे १६चा ब्लॉक. १६चा पाढा म्हणा: ३२, ४८. ४५ या दोघांच्या मध्ये, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून असलेला शेवटचा पत्ता) १७२.१६.४७.२५५. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचा होस्ट (यंत्राला देता येणारा पत्ता) १७२.१६.३२.२५४ लिहिणं. तो १७२.१६.४७.२५४ आहे, ब्लॉक तिसऱ्या ऑक्टेटमध्ये चालतोय, चौथ्यात नाही.

२००-३०१ मध्ये, म्हणजे याच परीक्षेत, आयपी कनेक्टिव्हिटीला (राउटिंगच्या भागाला) २५ टक्के वजन आहे, सगळ्यात जास्त. त्यातही राउटिंग टेबल (राउटरकडची वाटांची यादी) वाचता येणं फार महत्त्वाचं. समजा टेबलमध्ये १०.१.०.०/१६ स्टॅटिक (हाताने लिहिलेला) आहे, १०.१.४.०/२२ ओएसपीएफकडून (राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलकडून) आलाय आणि १०.१.४.०/२४ हाही स्टॅटिक आहे. १०.१.५.९ कडे जाणारं पॅकेट कुठल्या वाटेने जाईल? बरेच जण /१६ निवडतात, कारण स्टॅटिकचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाटेवरच्या विश्वासाचा आकडा, कमी तो चांगला) १ आणि ओएसपीएफचा ११०. पण ती तुलना प्रीफिक्स (नेटवर्कचा पत्ता) आणि त्याची लांबी तंतोतंत सारखी असेल तेव्हाच, आणि तीही टेबलमध्ये रूट बसवताना. टेबलमध्ये बसलेल्यांपैकी सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स जिंकतो. /२४ मध्ये फक्त १०.१.४.x येतं, /२२ मध्ये १०.१.४.० ते १०.१.७.२५५. उत्तर /२२. हा एक मुद्दा पक्का झाला की अर्धं राउटिंग सोपं होतं.

लॅबसाठी पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्राम) पुरतो, तो फुकट मिळतो. फक्त चालणारी लॅब उभी करून थांबू नका. चालली की स्वतःच बिघडवा आणि शो कमांडनेच (स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेनेच) दोष शोधा. ओएसपीएफच्या एका बाजूचा हेलो टायमर ('मी आहे' असं कळवण्याचा अवधी) १०चा १५ करा, शेजारी राउटर गायब होतो. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या दुव्यावर) अलाउड व्हीलॅन (स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) लिहिताना 'अ‍ॅड' गाळून बघा: नवा व्हीलॅन येतो आणि आधीचे सगळे उडतात. प्रत्यक्ष नोकरीतही ही चूक महागात पडते, म्हणून ती एकदा घरी करून बघाच. दोन्ही टोकं डायनॅमिक ऑटोवर ठेवली तर ट्रंक बनत नाही. एलएसीपीत (अनेक तारा जोडून एक दुवा करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलं तर इथरचॅनेल, म्हणजे तो एकत्र दुवा, बनत नाही. कारण एकच: दोघंही समोरच्याची वाट बघत बसतात. नॅटमध्ये (आयपी पत्ते बदलण्याच्या सोयीत) इनसाइड-आउटसाइड इंटरफेसवर लावायचं राहतं, आणि एसीएलच्या (पॅकेट जाऊ द्यायचं की नाही या नियमांच्या यादीच्या) शेवटी न दिसणारा डिनाय, म्हणजे नकार, असतो, हे दोन्ही शो कमांडच्या आउटपुटमध्ये ओळखायला शिका.

ऑटोमेशनला १० टक्केच आहेत. जेसन (माहिती लिहिण्याची एक पद्धत) वाचता येणं, रेस्टच्या (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीच्या) क्रिया आणि कंट्रोलर नेमकं काय करतो, एवढं आठवड्याच्या शेवटी दोन-दोन तास.

डंप्सच्या (फुटलेल्या खऱ्या प्रश्नांच्या संचांच्या) नादी अजिबात लागू नका. तो नियमभंग आहे, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि मुलाखतीत कोणी राउटिंग टेबल समोर ठेवलं की उघडं पडायला होतं.

परीक्षा १२० मिनिटांची आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. म्हणून सराव परीक्षाही 'मागे' बटण न वापरता द्या. लॅबचा प्रश्न आला तर आधी पूर्ण वाचा, आणि कॉन्फिग सेव्ह करायला सांगितलं असेल तर 'कॉपी रन स्टार्ट' विसरू नका. घरून देणार असाल तर कागद-पेन चालत नाही, पडद्यावरच्या व्हाइटबोर्डवर माउसने लिहावं लागतं. त्यासाठीच सबनेटिंग तोंडी हवं. आणि एक काम आजच करा: नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी ताडून बघा. आपल्याकडे आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव अशी कागदपत्रं असतात, फरक दिसला तर तारखेच्या आधीच दुरुस्त करून घ्या.