बांधकामाची वाढ १०.८ वरून ७.२ टक्क्यांवर आली, म्हणजे कामं कमी झाली का?

तुम्ही विचारलंय की वसमतला सिमेंट-सळईचं दुकान टाकलंय आणि पेपरात देशातल्या बांधकामाची वाढ जानेवारी-मार्च २०२५ ला १०.८ टक्के, एप्रिल-जूनला ७.६ आणि जुलै-सप्टेंबरला ७.२ अशी उतरत गेलेली दिसली. तर कामं आटतायत का, माल कमी भरावा का?

कामं आटलेली नाहीत. घटलाय तो वाढीचा वेग. शिवाय ही तुलना आधीच्या तिमाहीशी नसते, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी असते. जुलै-सप्टेंबर २०२४ मध्ये बांधकामातून १०० रुपयांची भर पडली असेल, तर २०२५ ला त्याच तिमाहीत महागाई वगळून १०७ रुपये २० पैशांची पडली, एवढाच ७.२ चा अर्थ. मे महिन्यातली विहीर आणि भादव्यातली विहीर यांचं पाणी शेजारी ठेवून मोजायचं नसतं, म्हणून या भादव्याची तुलना मागच्या भादव्याशी करतात.

टक्के किती फसवतात ते २०२० ला कळलं. एप्रिल-जून २०२० ला लॉकडाऊनमुळे बांधकाम ५०.३ टक्क्यांनी पडलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत ६८.३ टक्क्यांनी "उसळलं", मोठमोठे मथळे आले. हिशोब मांडा: १०० चे झाले ४९.७, त्यावर ६८.३ टक्के वाढ म्हणजे ८३.६ च्या आसपास. एवढी उसळी मारूनही कोरोनाआधीच्या पातळीला सोळा कमीच. गंमत म्हणजे त्याच २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग १३,३२७ किलोमीटर झाले, तो विक्रम होता. तेव्हा एका तिमाहीवरून वर्ष ठरवू नका.

आता हा आकडा काढतात कसा? मला आधी वाटायचं की कुणीतरी साईटवर येऊन मोजत असेल. मी परभणी-जिंतूर भागात सोळा वर्षं गुत्तेदारी करतो, शाळाखोल्या, नाल्या, गावरस्ते, मधूनमधून घरं. आजवर कुणी आलेलं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय तिमाहीसाठी मुख्यतः दोन गोष्टी बघतं: सिमेंटचं उत्पादन किती झालं आणि तयार पोलाद किती खपलं. त्यावरून बांधकाम किती झालं असेल याचा अंदाज बांधतात आणि नंतर सुधारतातही.

म्हणजे माझी शाळाखोली सरकारी आकड्यात माझ्या बिलातून जात नाही, सिमेंटच्या गोणीतून जाते. एका खोलीचा स्लॅब मी जानेवारीत टाकला, एमबीत, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप वहीत, नोंद मार्चएंडच्या गर्दीत झाली आणि पैसे हातात पडले दिवाळीनंतर. देशाच्या हिशोबात मात्र ते काम सिमेंट तयार झालं तेव्हाच जमा झालं होतं. देशाची वाढ झाली, माझी उधारी झाली.

यातल्या शेवटच्या दोन तिमाह्या आमच्याकडे कशा गेल्या तेही सांगतो. मे २०२५ मध्ये अवकाळी पाऊस लागून राहिला, मान्सून तर २६ मेलाच मुंबईत. ऐन हंगामात वीटभट्ट्या बसल्या. ज्याच्याकडून मी विटा घेतो त्याच्या थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा रांगेच्या रांगेने चिखल झाला. कडेच्या तेवढ्या ताडपत्रीखाली वाचल्या. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने काय झालं ते तुम्हीही पाहिलंय. सेंट्रिंगच्या प्लेटा पंधरा दिवस चिखलात पडून होत्या, मुरमाची गाडी शिवारात जात नव्हती. त्याच तिमाहीत देशाचं बांधकाम ७.२ टक्क्यांनी वाढलं. दोन्ही खरं आहे. देश मोठा आहे, आमचं दुःख त्याच्या सरासरीत बसत नाही.

उलटंही होतं. एप्रिल-जून हा एरवी कामाचा काळ, पण २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मी दोन स्लॅब नुसते पुढे ढकलले. क्युरिंगला, म्हणजे स्लॅबवर रोज पाणी मारायला, टँकर परवडत नव्हता.

दसरा-दिवाळीनंतर पाऊस उघडतो, देशभर कामं जोर धरतात, आणि नेमका तेव्हा बीड-परभणीकडचा मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. कारखान्याच्या मुकादमाने उचल आधीच दिलेली असते, त्याला आम्ही अडवणार कसं? बिगारी मिळत नाही म्हणून काम रखडतं आणि तुमच्या दुकानातली गोणी हलत नाही. हे कुठल्याच तिमाहीच्या तक्त्यात दिसणार नाही.

आणखी एक, तुमच्या धंद्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. या एका आकड्यात घरं, रस्ते, मेट्रो, कालवे, पूल सगळं एकत्र आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात इमारतींचं काम वेगळं आणि रस्ते-पुलांचं वेगळं असं दर तिमाहीला छापतात. आपल्या तिमाही जीडीपीत बांधकाम ही एकच ओळ. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जालना-संभाजीनगरमधून गेला. असल्या कामाला सुटं सिमेंट बल्करने, म्हणजे मोठ्या टँकरने, थेट काँक्रीटच्या प्लँटवर येतं, तुमच्या काउंटरवरून नाही. ७.२ मधला तो वाटा तुमच्यासाठी शून्य. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे घर बांधणारा कास्तकार, माझ्यासारखा बारका गुत्तेदार आणि घरकुलवाला. कास्तकार कापूस-सोयाबीनचे पैसे आल्यावर येतो. घरकुलवाल्याचे पैसे हप्त्याहप्त्याने पडतात. हप्ता जमा झाला की आठवड्यात तो दुकानात. पंचायत समितीत कोणत्या गावाचा हप्ता सुटला याची खबर ठेवा.

तरी देशाचा कल बघायचाच असेल तर दर महिन्याला येणारा आठ मूलभूत उद्योगांचा निर्देशांक बघा. त्यात सिमेंट आणि पोलादाची वेगळी ओळ असते. तिमाहीचा आकडा तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी येतो. एप्रिलमध्ये भरलेली गोणी ऑगस्टअखेर पाच महिन्यांची झालेली असते. तीन महिन्यांतच सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, गोणीत खडे होतात. म्हणून सिमेंटचा साठा महिन्या-दीड महिन्याच्या खपापुरताच, फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर सोडून. गजाळीचं तसं नाही, ती गंजते पण सडत नाही. जालन्याहून मागवता तर दर रोज विचारा, हलत राहतो. आणि आठ-बारा मिलिमीटरचे गज जास्त ठेवा, सोळा-वीस वसमतला फार कुणी मागत नाही.