वाचकांचे प्रश्न : पबमेडमध्ये एकही पेपर का सापडत नाही?

प्रश्न : आम्ही पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. ‘दर दोन तासांनी कूस बदलली तर बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टळतात का?’ हा आमच्या गटाचा विषय. गूगलवरची माहिती मॅडम चालवून घेत नाहीत. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत विषय पुण्याच्या नावासकट जसाच्या तसा टाकला, तर हाती शून्य. काय चुकतंय?

उत्तर : आधी ‘पुणे’ काढा. अभ्यास पुण्यातल्या वॉर्डात करायचा असला, तरी पुरावा कुठलाही चालतो. तो आपल्या रुग्णांना लागू पडतो का, हे नंतर तपासायचं. पबमेड मोकळे शब्द आपणहून ‘अँड’ने जोडतं. म्हणजे वाक्यातला प्रत्येक जादा शब्द ही एक जादा अट झाली.

प्रश्नाचे चार तुकडे पडतात : रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम. पिको म्हणतात ते हेच. पण शोधात चारही कोंबू नका. तुम्हाला बेडसोअर आणि कूस बदलणं हे दोनच पुरेत. ‘दोन तास’सुद्धा नको, तो आकडा लेखक नाना तऱ्हांनी लिहितात, गोषवारा वाचतानाच तो बघावा.

मग प्रत्येक तुकड्याचे पर्यायी शब्द जमवा. वॉर्डात आपण बेडसोअर म्हणतो. पेपरांत प्रेशर सोअर, प्रेशर अल्सर, डेक्युबिटस अल्सर सापडतं, आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने नाव बदलल्यापासून प्रेशर इंज्युरीही. शोध असा बांधा (टाइप अर्थात इंग्रजीत) :

(बेडसोअर ऑर प्रेशर अल्सर ऑर प्रेशर इंज्युरी ऑर डेक्युबिटस) अँड (रिपोझिशनिंग ऑर टर्निंग)

अँड, ऑर कॅपिटल अक्षरांतच हवेत. कंस तर विसरूच नका. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, त्यामुळे कंस नसले तर शेवटच्या ‘ऑर’पाशी ‘टर्निंग’ असलेला जगातला प्रत्येक पेपर आत घुसतो. शब्दाच्या मुळाला तारा (*) लावला की त्याची सगळी रूपं येतात, पण मग पबमेड त्या शब्दाला स्वतःहून मेश सूचीतली (पेपरांना विषयवार लावायच्या ठराविक संज्ञांची यादी) संज्ञा जोडत नाही. म्हणून एक रूप ताऱ्याविनाही ठेवा. आपला शोध त्याने नेमका कसा लावला, हे ‘अॅडव्हान्स्ड’ पानावरच्या ‘डिटेल्स’मध्ये दिसतं. निकाल विचित्र वाटले, तर आधी तिथे बघावं.

फिल्टर जपून वापरा. ‘फ्री फुल टेक्स्ट’ लावणं ही विद्यार्थ्यांची फार आवडती खोड; त्याने महत्त्वाचे पेपर केवळ पैसे मागतात म्हणून गळतात. आधी निवडा, मग मिळवा : गूगल स्कॉलरवर ‘ऑल व्हर्जन्स’ बघा, कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, नाहीतर लेखकाला दोन ओळींची मेल टाका. ‘ह्यूमन्स’ हा फिल्टरही फसवा आहे, कारण मेश संज्ञा न लागलेले पेपर त्यात दिसतच नाहीत.

खरं तर या विषयाची सुरुवात कॉक्रेन लायब्ररीपासून (उपचारांवरच्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यांचा संग्रह) करायला हवी होती. कूस बदलण्यावरचा त्यांचा आढावा 2020 मध्ये अद्ययावत झाला आणि पुरावा कमी ते अतिशय कमी खात्रीचा ठरला. तेव्हा ‘दोन तासांचा नियम सिद्ध आहे’ असं प्रकल्पात लिहू नका. आढाव्यांचे गोषवारे मोफत वाचता येतात.

शोधाची नोंद त्याच दिवशी वहीत करा : तारीख, डेटाबेस, शोधाची ओळ, निकालांची संख्या. आठ तास काही केलं नाही, तर पबमेडवरचा इतिहास पुसला जातो.

प्रश्न : फिजिओथेरपीसाठी वेगळी जागा आहे का?

उत्तर : आहे, पेड्रो, ऑस्ट्रेलियातून चालणारा मोफत डेटाबेस. त्यात ट्रायल (रुग्णांवर घेतलेल्या उपचारांच्या चाचण्या), आढावे आणि मार्गदर्शक सूचना एवढंच असतं, आणि बहुतेक ट्रायलना दर्जासाठी दहापैकी गुण दिलेले असतात. मात्र इथे एका शोधात अँड आणि ऑर एकत्र चालत नाहीत. पर्यायी शब्दांसाठी शोध वेगवेगळे करा, आणि पबमेडसाठी बांधलेली लांबलचक ओळ इथे चिकटवू नका.